‘ओडालेन ३१’ : थांबलेला कारखाना, चालते घर

बू वीडरबेर्ग या स्वीडिश दिग्दर्शकाचा ‘ओडालेन ३१’ हा चित्रपट १९६९ साली प्रदर्शित झाला व त्याच वर्षी कान येथील महोत्सवात त्याला परीक्षकमंडळाचे विशेष पारितोषिक मिळाले. त्यावर एक आक्षेप पहिल्यापासून घेतला जातो. संपाची आणि गोळीबाराची ही कथा डोळ्यांना फार गोड वाटते. यर्गेन पेर्सोन यांच्या छायालेखनातील ऊन, नदी आणि कोवळी हिरवळ यांत कामगारांचे हाल विरघळून जातात, असे आक्षेपकांचे म्हणणे. मला हा आक्षेप मान्य नाही. चित्रपटात उणीव आहे, पण ती निराळ्या ठिकाणी आहे.

मूळ घटना अशी. स्वीडनच्या उत्तर भागात ओंगरमान नदीच्या खोऱ्यात लाकूड कापण्याचे आणि कागदासाठी लाकडाचा लगदा करण्याचे कारखाने होते. जागतिक मंदीच्या दिवसांत दूरच्या एका लगदा कारखान्यातील मजुरीकपातीवरून संप झाला आणि तेथील कामगारांना पाठिंबा म्हणून ओडालेनच्या कामगारांनीही काम थांबविले. मालकांनी बाहेरून संपफोडे आणले. १४ मे १९३१ रोजी निषेधाची मिरवणूक लुंदे गावाकडे निघाली असता सैन्याने गोळीबार केला. पाच माणसे मेली. त्यांत एक तरुणी होती, ती तर केवळ पाहावयास उभी होती.

वीडरबेर्ग या घटनेकडे एका कामगाराच्या घरातून पाहतो. हाराल्ड, त्याची पत्नी आणि मुले यांचे हे घर. संपामुळे बापाला सक्तीची सुटी मिळालेली आहे. तो मुलांमध्ये रमतो, नदीवर जातो. कारखाना थांबला, तरी घर चालूच राहते. दारिद्र्य म्हणजे अखंड काळोख, अशी आपल्याकडील पुष्कळ कथालेखकांची समजूत असते. परंतु ज्यांना गरिबीतच दिवस काढावयाचे असतात, ती माणसे तिच्यातही सदरा स्वच्छ धुतात आणि विनोद करतात. (गिरण्या बंद पडल्यानंतरच्या काळात इंदुरात मी शिकवीत होतो, अशा घरांतील काही मुले वर्गात सर्वांत नीटनेटकी येत.) वीडरबेर्गला हे ठाऊक आहे. म्हणूनच त्याचे सौंदर्य सजावट ठरत नाही. जे नष्ट होणार आहे, त्याचे मोल ते आपल्यापुढे मांडते.

हाराल्डचा मोठा मुलगा शेल आणि कारखान्याच्या व्यवस्थापकाची मुलगी आन्ना यांचे प्रेम हा कथेचा दुसरा धागा. श्रीमंताची मुलगी व गरिबाचा मुलगा ही जोडी जुनीच, आणि येथेही ती क्वचित ठरीव वाटते. पण एका प्रसंगात दिग्दर्शक तिला नवे बळ देतो. आन्नाची आई शेलला रेनवार या फ्रेंच चित्रकाराच्या नावाचा शुद्ध उच्चार शिकविते. ती मनाने दुष्ट नाही; उलट मुलगा तिला आवडतो. आम्हा शिक्षकांना हा प्रसंग अस्वस्थ करील. संस्कृतीचे दार उघडणारा हात प्रेमळ असतो, पण दार कोणाच्या घराचे, हे त्या मुलास लवकरच कळते. आन्नाला दिवस राहतात, तेव्हा हीच आई तिला स्टॉकहोमला नेऊन गर्भपात करविते. मुलाला विचारण्याचे तिच्या मनातही येत नाही.

यानंतर गोळीबार येतो. पुढे वाजंत्री, मागे माणसे अशी मिरवणूक उन्हात चालली आहे, आणि पाहणाऱ्याला शेवट ठाऊक असूनही पहिली गोळी अविश्वसनीय वाटते. हाराल्ड मारला जातो. मुलांमध्ये हसताखेळताना ज्याला आपण पाहिले, तोच माणूस रस्त्यावर पडलेला असतो. एखाद्या भडक चित्राने हे साधले नसते.

आता उणिवेविषयी. लगद्याचा भाव का पडला, मालकाला कपातीखेरीज मार्ग होता की नव्हता, संपफोडे म्हणून आलेली माणसे स्वतः कोणत्या उपासमारीतून आली होती, यांविषयी चित्रपट फारच थोडे बोलतो. एका ठिकाणच्या मजुरीसाठी दुसऱ्या ठिकाणच्या माणसांनी आपली भाकर पणाला लावावी, हा या घटनेतील सर्वांत विलक्षण भाग. त्यावर भर नाही. कारखान्याची यंत्रे जवळजवळ मुकीच आहेत. परिणाम हृदयाला भिडतात, कारणे पडद्याबाहेर राहतात.

१९३२ च्या निवडणुकीनंतर पेर आल्बिन हान्सोन यांच्या नेतृत्वाखाली सोशल डेमोक्रॅट पक्ष सत्तेवर आला आणि १९३६ मधील थोडे दिवस वगळता १९७६ पर्यंत सरकारचे नेतृत्व त्याच्याकडेच राहिले. १९३८ साली मालक व कामगार यांच्या संघटनांत साल्टशबादेन येथे करार झाला. चित्रपट मात्र विजयाच्या दृश्यावर संपत नाही. पतीच्या मृत्यूनंतर हाराल्डची पत्नी थिजून बसलेली आहे, आणि शेल घराच्या खिडक्या पुसावयास घेतो.