अनुभव, पूर्वग्रह आणि 'उचल्या'

दलित आत्मकथनांवर घेतला गेलेला एक आक्षेप वाङ्मयीन भाषेत मांडला जात असला, तरी मुळात तो तर्काचा आहे. स्वतःच्या वाट्याला आलेल्या अनुभवावरून लेखक साऱ्या गावाविषयी, साऱ्या सवर्णांविषयी विधान करतो. मग ज्या पूर्वग्रहाविरुद्ध तो लिहितो त्याहून त्याची रीत वेगळी कशी? दया पवार यांच्या 'बलुतं'च्या (१९७८) बाबतीत हा आक्षेप उलट दिशेनेही आला. लेखकाने आपल्याच समाजाचे उणे चव्हाट्यावर मांडले, असे काही दलित वाचकांनाही वाटले. या प्रश्नाची खरी कसोटी मात्र लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'मध्ये (१९८७) लागते.

कारण येथे पूर्वग्रहाचे विधान आणि अनुभवाचे विधान वरवर पाहता एकच आहे. ब्रिटिश राजवटीत १८७१ साली झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये एखादी जमात पद्धतशीर गुन्हे करणारी आहे असे सरकारचे मत झाले की ती गुन्हेगार घोषित करता येई, तिच्या माणसांची नोंद होई, हालचालींवर बंधने येत. १९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि 'विमुक्त' हे नाव आले, शिक्का राहिलाच. आणि गायकवाडही सांगतात ते हेच, की आपल्या लोकांचे पोट चोरीवर चालत असे. लहान मुलांना मार सोसण्याची सवय कशी लावली जाई, हेही ते झाकून ठेवत नाहीत. आक्षेपकाला हवी ती सारी साक्ष लेखकाने आपण होऊन दिली आहे.

कायद्यामागे अनुभव नव्हता, असे म्हणून येथे सुटका होत नाही. अंमलदारांनाही अनुभव होता. पण तो पकडलेल्यांचा होता. जो पकडला गेला नाही, ज्याने चोरी केलीच नाही, तो त्यांच्या दफ्तरात येण्याचे कारण नव्हते, आणि आला तर जन्मामुळे आला. 'उचल्या'तील वडील शेतावर राबतात, मुलाला शाळेत घालतात. निवेदकाच्या अनुभवात चोरी करणारे आणि न करणारे एकाच घरात राहतात. त्यामुळे त्याचे विधान कितीही व्यापक झाले तरी भुकेपासून तुटत नाही. चोरी का होते, हे वाचकाला कोणी समजावून सांगत नाही. काम मिळत नाही, पोलीस घरात शिरतात, आजोबांना मारतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोट असतेच.

शाळेचा प्रसंग तर याहूनही मार्मिक आहे. जमातीतील मूल शाळेत जाऊ लागते आणि वस्तीतील पोरे आजारी पडतात. वडीलधारी मंडळी दोहोंचा संबंध जोडून मोकळी होतात. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून काढलेला हा अगदी प्रामाणिक आणि अगदी चुकीचा निष्कर्ष. लेखक या माणसांची चेष्टा करीत नाही, त्यांचा वकीलही होत नाही. अनुभव आंधळाही असू शकतो हे ज्याने आपल्याच घरात पाहिले, त्याच्या इतर विधानांवर विश्वास ठेवणे वाचकाला सोपे जाते.

हा तोल पुस्तकभर टिकत नाही. सूतगिरणी, संघटना, मोर्चे यांच्या वृत्तान्तात माणसे पुसट होतात आणि मालक, पुढारी, पोलीस हे वर्ग म्हणूनच येऊ लागतात. विधाने तेथेही बहुधा खरीच असतील. पण ती अनुभवातून निघण्याऐवजी कार्यकर्त्याच्या भाषणातून येतात, आणि आरंभीच्या आक्षेपाला थोडी जागा मिळते ती येथेच.

साहित्य अकादेमीने या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद 'द ब्रँडेड' या नावाने प्रसिद्ध केला. त्यात डाग देणाऱ्याचा हात सूचित होतो आणि पहिले पान उलटण्याआधीच निवाडा झालेला असतो. मराठी शीर्षकाने ही सोय ठेवलेली नाही. पुस्तक मागताना वाचकाला तोच हिणवणारा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागतो.