चांगले खेळले हो!

गावाचे नाव सांगताना आम्हा तळेगावकरांना नेहमी दोन श्वास लागतात. पहिल्या श्वासात ‘तळेगाव’ म्हणावे, तो समोरचा म्हणतो, ‘वा! लोणावळ्याच्या अलीकडचे! हवा छान आहे हो तुमच्याकडे.’ मग दुसऱ्या श्वासात ‘ढमढेरे’ म्हणावे लागते आणि त्याचा चेहरा पडतो. हवेचे तळेगाव ते दाभाडे. आमचे ढमढेरे. ते पुण्याच्या पश्चिमेला, आम्ही पूर्वेला. नगर रस्त्याने शिक्रापूरपर्यंत यायचे आणि आत वळायचे.

२०१२ साली महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे नवे स्टेडियम गहुंजेला उभे राहिले, तेव्हा मुंबईहून आमच्या मेहुण्याचा अभिनंदनाचा फोन आला. ‘भावोजी, तुमच्या अंगणातच आलं की हो!’ या अंगणात पोचायला मला वाघोलीची कोंडी, सबंध पुणे आणि वर पिंपरी-चिंचवड ओलांडावे लागते. पहिला चेंडू पाहायचा तर आदल्या दिवशी निघालेले बरे. पण मी गप्प बसलो. महाराष्ट्राच्या संघाचा भक्त असल्यावर चुकीच्या कारणासाठी झालेले अभिनंदनसुद्धा परत करवत नाही. बरोबर कारणासाठी ते कधी होईल याचा काय भरवसा?

महाराष्ट्राचा संघ म्हटल्यावर लोकांचा पुन्हा तोच घोटाळा होतो. राज्य एक आणि रणजीचे संघ तीन. मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा आणि उरलेला तो महाराष्ट्र. मुंबईने रणजी चषक बेचाळीस वेळा जिंकला. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा. आमच्या नावावर दोन : १९३९-४० आणि १९४०-४१. बँकेत एखाद्या खात्यावर दोन वर्षे व्यवहार झाला नाही की आम्ही ते ‘निष्क्रिय’ ठरवतो. दहा वर्षे झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. महाराष्ट्राच्या रणजी खात्यावर १९४१ नंतर जमेची एकही नोंद नाही, आणि तरी मी दर हंगामाला पासबुक घेऊन रांगेत उभा! (२००९-१० साली ट्वेंटी-ट्वेंटीची सय्यद मुश्ताक अली स्पर्धा आपण जिंकली, हे मला ठाऊक आहे. पण ती चिल्लर. मी नोटांबद्दल बोलतोय.)

तुम्ही म्हणाल, संघात दम नसेल. छे हो! तसे असते तर मी केव्हाच सुटलो असतो. नादार ऋणकोची थकबाकी माणूस सोडून देतो; झोप उडवतो तो सधन असून हप्ता न भरणारा. विजय हजारे आमचे. १९३९-४० च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ केल्या आणि पुढे ते त्याच बडोद्याला गेले. भाऊसाहेब निंबाळकर आमचे. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर. संघाच्या चार बाद ८२६. मधल्या सुट्टीत काठेवाडच्या कर्णधाराने हट्ट धरला, की आता डाव घोषित करा. पुढे खेळायला त्याने नकार दिला आणि पाहुणे सामान आवरून चक्क निघून गेले. यात आपला काही दोष नाही हे मलाही मान्य आहे. पण लग्नात अक्षता पडायच्या वेळी बँडवाले निघून जावेत, असे प्रसंग आमच्याच घरी का घडतात? निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

बरे, हा एकच प्रसंग म्हणावा तर तसेही नाही. २०१६ साली वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८. भागीदारी ५९४ ची, अभेद्य. कोणत्याही गड्यासाठीची जगातली सर्वांत मोठी भागीदारी ६२४ ची, संगकारा आणि जयवर्धनेची. राहिल्या तीस धावा. या वेळी निघून जायला काठेवाड नव्हते. आम्हीच डाव घोषित केला! त्यावर दिल्लीने ५९० केल्या, एकट्या ऋषभ पंतने ३०८. सामना अनिर्णित. विक्रमही नाही, विजयही नाही. मनाचा मोठेपणा तेवढा नाबाद.

आणि मार्च १९४९ चा तो मुंबईविरुद्धचा उपांत्य सामना! पुण्यातच झाला. चार डावांत मिळून २३७६ धावा, शतके नऊ. मुंबईने आमच्यापुढे ९५९ धावांचे लक्ष्य ठेवले. आम्ही ६०४ केल्या आणि ३५४ धावांनी हरलो. चौथ्या डावात सहाशे चार करून हरायला नुसती गुणवत्ता पुरत नाही, त्याला घराणे लागते.

माझे वडील या घराण्यातले. १९७१ साली ते पुण्यात कॉलेजात होते. त्या वर्षी अंतिम सामना ब्रेबॉर्नवर, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मांकड असे मुंबईचे पाच जण भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजला गेलेले. आमचे कोणीच गेले नव्हते, कारण कोणाला निवडलेच नव्हते. घरातली कर्ती माणसे काशीयात्रेला गेली आहेत, दार लोटलेले आहे आणि आत फक्त धाकटी मुले आहेत, अशी ती संधी. वडिलांनी मेसमधल्या मुलांशी जिलबीची पैज लावली. सुधीर नाईकच्या हाताखालच्या त्या धाकट्या मुलांनी आम्हाला ४८ धावांनी हरवले. वडिलांनी जिलबी आणली, सर्वांना वाढली आणि म्हणाले, ‘अठ्ठेचाळीसच धावा राहिल्या. चांगले खेळले हो आपले.’

हे वाक्य ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. १९९२-९३ च्या अंतिम सामन्यात लुधियानाला पंजाबकडून हरलो तेव्हा ऐकले. मधल्या वर्षांत तर इतक्यांदा, की आमच्या घरी आमटी खारट झाली तरी वडील म्हणत, ‘पण चांगली खेळली.’

मग उजाडले २०१४. जानेवारीत वानखेडेवर आम्ही मुंबईला, गतविजेत्या मुंबईला, आठ गडी राखून हरवले. केदार जाधव नाबाद १२०, विजय झोल नाबाद ९१. मी बँकेत पेढे वाटले. तो सामना उपांत्यपूर्व फेरीचा होता, हे पेढे खाताना आमच्या कॅशियरने लक्षात आणून दिले. मला तो माणूस तेव्हापासून आवडत नाही. पण त्याचे बरोबर होते. मुंबईला हरवले की आमचा हंगाम संपतो. पुढे चषक नावाची काही वस्तू असते, याची आठवण कोणी तरी करून द्यावी लागते.

अंतिम सामना हैदराबादला, कर्नाटकाशी. शेवटचा दिवस रविवार, २ फेब्रुवारी. मी आणि वडील टीव्हीसमोर. कर्नाटक सात गडी राखून जिंकले. वडिलांनी टीव्ही बंद केला, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘फायनलपर्यंत गेले. चांगले खेळले हो पोरं.’

जन्मात पहिल्यांदा मी वडिलांवर ओरडलो. ‘चांगले खेळले तर हरले का? तुम्ही असं म्हणता म्हणूनच हरतात!’ जसे काही केदार जाधव फलंदाजीला जाण्याआधी आमच्या वडिलांचा आशीर्वाद घेऊन जायचा!

वडील शांतपणे म्हणाले, ‘मग काय मारू त्यांना?’

भाचा पुण्याहून सुट्टीला येतो. अंगात लाल जर्सी, दैवत मँचेस्टर युनायटेड. रात्री-बेरात्री उठून मॅच बघतो आणि सकाळी सुतकात असतो. मागे मला म्हणाला, ‘मामा, २०१३ नंतर लीग नाही. टीमचं कल्चरच बिघडलंय. माइंडसेट गेलाय.’ मी त्याला थोरल्या माणसाने धाकट्या विधुराचे करावे तसे सांत्वन केले. २०१३! अरे, आमच्याकडे एवढ्या थकबाकीची साधी नोटीससुद्धा निघत नाही.

पण त्याच्या ‘कल्चर’ शब्दाने मी रात्रभर जागा राहिलो. त्यांचे बिघडले म्हणून हरतात, हे समजू शकते. आमचे काय? आमचे कल्चर तर फार उत्तम आहे हो! नको तितके उत्तम आहे, आणि दुखणे नेमके तिथेच आहे. आमचे दोन्ही चषक आणले कर्णधार दि. ब. देवधरांनी. ते स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक. आम्ही त्यांच्यातला प्राध्यापक तेवढा उचलला. नेटके खेळणे, तंत्र, पंचाच्या निर्णयावर भुवईसुद्धा न उचलणे. हाच प्राध्यापक १९४० साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ज्या वयात मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहून देखावा बघतो त्या वयात, मुंबईविरुद्ध २४६ धावा कुटून गेला, ते सोयीस्करपणे विसरलो. त्यात संस्कृत कुठे होते? ती शुद्ध ईर्षा होती. मुंबईवाले तिला ‘खडूसपणा’ म्हणतात आणि त्या शब्दाचा त्यांना अभिमान आहे. आमच्याकडे तो अवगुण, मुलगी देताना चौकशी करण्यासारखा.

विदर्भाने तो सरळ उसना आणला. वसीम जाफर मुंबईचा, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला त्यांनी दिल्लीला हरवून चषक उचलला. वडील तेव्हा अंथरुणावर होते. मी जरा कडवटपणेच बातमी सांगितली, तर म्हणाले, ‘आपल्याच राज्यात आला ना? बरं झालं.’ त्याच वर्षी पावसाळ्यात ते गेले. १९७१ पासून लावलेल्या पैजेतले त्यांच्या पदरी फक्त जिलबीचे बिल पडले.

माणसे आणायचा प्रयोग आम्हीही केला. २०२५ साली मुंबईहून पृथ्वी शॉ आला, केरळकडून खेळणारा जलज सक्सेना आला. पहिलाच सामना ऑक्टोबरात तिरुअनंतपुरमला, त्याच केरळविरुद्ध. फलकावर धावा शून्य आणि गडी बाद तीन! पुढे ऋतुराज गायकवाडने ९१ काढून डाव सावरला. (हा तोच, ज्याने २०२२ साली अहमदाबादला एका षटकात सात षटकार मारले. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने शतक ठोकले आणि आम्ही सौराष्ट्राकडून हरलो. सवयच आहे.) तर सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावाची आघाडी आमची. त्यानंतर मी काउंटरवर खुशीत होतो. समोर आमचे एक जुने खातेदार. उसाचे शेतकरी, तरुणपणी तालमीतले.

‘काय सायेब, आज हसताय?’

‘आघाडी मिळाली, बाबा. तीन गुण.’

‘म्हंजी जिकलो?’

‘नाही, अनिर्णित.’

‘म्हंजी बरोबरीत सुटली. पाठ कुनाचीच लागली न्हाई?’

‘नाही.’

‘मग चार दिस काय करत व्हते?’ पासबुक धोतराच्या सोग्यात खोचत ते म्हणाले, ‘गुनावर कुस्ती जिकनाऱ्याला टाळ्या भेटत्यात सायेब. पर गावात सांगायला कुस्ती निकालीच लागती.’

पन्नास वर्षांच्या क्रिकेट समीक्षेत मी एवढे नेमके वाचलेले नाही. रागावून मी त्यांच्या स्लिपवर उगीचच दोनदा शिक्का मारला.

घरी येऊन हा किस्सा सांगितला तर सौ. हसलीच नाही. म्हणाली, ‘तुमचं काय वेगळं आहे?’ आता हे प्रकरण सांगायला हवे. लिपिकाचा अधिकारी होण्याची लेखी परीक्षा मी एकदा उत्तीर्ण झालो होतो. मुलाखतही बरी झाली. शेवटी विचारले, कुठेही बदलीची तयारी आहे ना? मला डोळ्यांसमोर घर दिसले, वेळ नदीच्या काठची संध्याकाळ दिसली, म्हातारे वडील दिसले. मी म्हणालो, सध्या अडचण आहे. सहकाऱ्यांनी खांद्यावर हात ठेवला. ‘इथपर्यंत गेलास, चांगलं केलंस.’ सौ. मात्र त्या दिवशी एवढेच म्हणाली होती, ‘डाव तुम्हीच घोषित केलात.’ तिला क्रिकेटमधले काही कळत नाही असे मी तोवर समजत होतो.

मागच्याच महिन्यात आमची मुलगी शिरूरहून खो-खोचे सामने खेळून आली. सातवीत आहे. अंतिम सामना एका गुणाने गेला. दप्तर कोपऱ्यात भिरकावून, धुळीचे पाय तसेच घेऊन ती पाटावर बसली. सौ.ने ताट वाढले. मी पाठीवर हात ठेवला आणि माझ्या तोंडात ते वाक्य आलेच. पूर्ण, वडिलांच्या आवाजात, ‘हो’सकट. पोरीने मान वर करून पाहिले. मी ते गिळले आणि विचारले, ‘का हरलात गं?’

ती सांगू लागली. दुसऱ्या डावात कोणाला आधी उतरवायला नको होते, खांबाजवळ कोण घसरली, कोणाचा खो उशिरा गेला. अर्धा तास सांगत होती. ताटातला भात निवून गेला.