‘विसरलो’ की ‘राहून गेले’?

डोनाल्ड ब्रॉडबेंट आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 1982 साली इंग्लंडमध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात 25 प्रश्न आहेत आणि ते सगळे रोजच्या बारीकसारीक चुकांविषयी आहेत. या खोलीतून त्या खोलीत कशासाठी आलो ते आठवत नाही, असे होते का? दार लावले की नाही, अशी शंका येते का? काडेपेटी फेकून जळकी काडी खिशात ठेवली, असे घडते का? गेले सहा महिने डोळ्यांसमोर आणायचे आणि ‘कधीच नाही’ ते ‘फार वेळा’ अशा पाच उत्तरांतून एक निवडायचे. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, म्हणजे बेरीज शून्य ते शंभर. आजाराचे निदान हा तिचा हेतू नव्हता. चांगल्या धडधाकट माणसाचे अवधान कुठे आणि किती निसटते, एवढेच तिला हवे होते.

ही प्रश्नावली पुढे अनेक भाषांत गेली, चिनीतही गेली. नव्या भाषेत ती तेच मोजते का, हे तपासण्याची रीत आता ठरून गेली आहे. एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे, मग दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहायचे. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या 1970 च्या लेखापासून ही उलट भाषांतराची पद्धत रुळली. त्यानंतर बऱ्याच लोकांकडून उत्तरे भरून घ्यायची, त्यांचा आपसांत मेळ बसतो का पाहायचे, काहींना काही आठवड्यांनी पुन्हा विचारायचे आणि प्रश्नांचे किती गट पडतात ते गणिताने काढायचे. गणिताशी माझे भांडण नाही. अडचण पहिल्या पायरीची आहे. उलट भाषांतराच्या परीक्षेत पहिला नंबर शब्दशः भाषांतराचा येतो. मजकुरात मराठीपण जितके कमी, तितकी परतीची वाट सोपी. कवितेच्या भाषांतराला कोणी ही कसोटी लावली तर आपण हसू. इथे मात्र तीच शास्त्रीय ठरते.

मूळ प्रश्नावलीतला एक प्रश्न असा : सुपरमार्केटमध्ये हवी ती वस्तू समोर असून दिसत नाही, असे होते का? मराठीत ‘सुपरमार्केट’ लिहा, परत जाताना ते सुखरूप पोचेल. पण 1982 सालच्या डोंबिवलीत वाण्याला यादी द्यायची आणि तो पुड्या बांधून द्यायचा. आज कल्याणला फळ्यांवरून आपल्या हाताने माल घेण्याची दुकाने आहेत, तरी घरपोच किराणा मागवणाऱ्या आजी या प्रश्नाला ‘कधीच नाही’ म्हणणार आणि त्यांच्या खात्यावर दक्षतेचा शून्य जमा होणार. मोजले गेले ते दुकान. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ म्हणणाऱ्या भाषेला ही चूक नवी नाही, फक्त तिची जागा वेगळी आहे : कपाळावर चढवलेला चष्मा, फडताळातली हळदीची बरणी. रस्त्यावरची पाटी नजरेतून सुटण्याचा प्रश्न तर इकडे लोकलमध्येच न्यायला हवा. कळव्याला उतरायचे असताना सवयीने डोंबिवलीची जलद गाडी पकडली, असे किती वेळा होते?

नावांचे त्याहून अवघड आहे. वॉलेस आणि सहकाऱ्यांनी 2002 साली अमेरिकेत या प्रश्नांचे चार गट काढले, त्यांत माणसांच्या नावांचा एक स्वतंत्र गट होता. रास्ट आणि सहकाऱ्यांना 2009 साली डच भाषेत तीनच गट सापडले. मराठीत काय सापडेल? आपल्याकडे काकू, वहिनी, दादा, शेजारचे काका यांवर वीस-वीस वर्षे निभते. नाव ठाऊक नसले तरी कोणाचे अडत नाही. चिनी माणूसही आडनावापुढे ‘शिक्षक’ लावून किंवा ‘मावशी’ म्हणून वेळ मारून नेतो. अशा समाजात नाव न आठवणे ही चूक म्हणून ध्यानात तरी राहते का?

आणि जे मुळातच नाही, ते भाषांतर कुठून आणणार? चिनी भाषेत ‘लेखणी उचलली आणि अक्षर विसरले’ अशा अर्थाची चार अक्षरी म्हण आहे. कळफलकावर उच्चार टाइप करून अक्षर निवडायची सवय लागल्यावर हाताने लिहिताना ओळखीचे चिन्हही आठवत नाही. चिनी साक्षरांची ही अगदी रोजची चूक. वर्णमालेत लिहिणाऱ्या इंग्रजांना ती सुचण्याचे कारण नव्हते. आपल्या यादीत दूध उतू जाणे आणि कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब चुकणे आलेच पाहिजे.

पण यादीपेक्षा व्याकरण मला जास्त महत्त्वाचे वाटते. इंग्रजी प्रश्नाचा कर्ता ‘तुम्ही’ आहे आणि चुकणेही त्याच्याच नावावर आहे. मराठीत बघणे वेगळे आणि दिसणे वेगळे, शोधणे वेगळे आणि सापडणे वेगळे. चिनीतही ‘पाहणे’, ‘शोधणे’ या क्रियापदांना फळ दाखवणारे पद जोडले की मगच ‘दिसले’, ‘सापडले’ होते. प्रयत्न आणि फळ यांत दोन्ही भाषा भेद करतात, आणि चुकांची प्रश्नावली नेमक्या त्याच फटीविषयी आहे. मराठी तर आणखी पुढे जाते. दूध उतू ‘जाते’, बशी ‘हातून सुटते’, पत्राचे उत्तर ‘राहून जाते’. ‘तुम्ही पत्रांना उत्तर देत नाही का?’ ही झडती झाली. ‘उत्तर द्यायचे राहून जाते का?’ ही विचारपूस. पहिल्याला माणूस ‘क्वचित’ म्हणेल, दुसऱ्याला मोकळेपणाने ‘बऱ्याचदा’. उलट भाषांतरात दोन्हींचे इंग्रजी जवळपास एकच येईल.

ठाण्यात तर झडतीला आणखी एक धार आहे. इथले मनोरुग्णालय 1901 पासूनचे, आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य मुंबईच्या थट्टेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. 1990 साली याच शहरात आय.पी.एच. सुरू झाली आणि मनाविषयी उघड बोलणे थोडे सोपे झाले; तरी कोणी कागद पुढे करून विसरभोळेपणा विचारू लागला की उत्तर देणारा सावध होतोच. ब्रॉडबेंट यांनी नवराबायकोने एकमेकांविषयी भरायचा एक वेगळा कागदही केला होता. त्यावर आपल्याकडे काय काय लिहिले जाईल याची कल्पना वाचकांनी करावी.

शब्दशः न जाण्याचा वारसा आपल्याला आहे. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागात कानडी आणि मराठी मुलांसाठी बिने यांची बुद्धिचाचणी घडवली, तेव्हा हजाराहून अधिक मुलांची उत्तरे पाहून कोणता प्रश्न कोणत्या वयाला हे नव्याने ठरवले. त्यांचे पुस्तक 1940 चे. हरियाणातल्या बल्लभगढला वृद्धांची स्मृतिचाचणी हिंदीत केली गेली. मूळ चाचणीत एक वाक्य लिहायचे होते. लिहिता न येणाऱ्यांसाठी त्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगायला सांगितले. हा प्रश्न परतीच्या वाटेने मूळ जागी कधीच पोचला नसता.

मराठी प्रश्नावली करायची झाली तर गटांच्या गणिताआधी एक साधी तपासणी व्हावी. डोंबिवली-कल्याणच्या निम्म्या लोकांना ‘विसरता का?’ असा कागद द्यावा, निम्म्यांना ‘राहून जाते का?’ असा. दोन बेरजांत जो फरक येईल, तो आधी छापावा.