आकाशचित्रें व साधनचिकित्सा : नागपूर-कुही प्रांतापुरता विचार

नागपूर शहर व त्याच्या भोंवतालचा मुलूख यांचीं आकाशांतून घेतलेलीं छायाचित्रें अलीकडे इतकीं विपुल झालीं आहेत कीं, स्थानिक इतिहासावरील लेखास असें एखादें चित्र जोडण्याची जणूं प्रथाच पडली आहे. सीताबर्डीच्या दोन्ही टेकड्या, नाग नदीचें वळण, गांधीसागर व महालांतील दाट वस्ती हीं ड्रोनच्या साह्यानें एका चौकटींत आणणें आतां सुलभ आहे. चित्रें देखणीं असतात, याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु त्यांचा उपयोग इतिहासाचें साधन म्हणून होऊं लागला असल्यामुळें, साधनास जी कसोटी लावावयाची ती त्यांसही लावणें प्राप्त आहे. पोथी हातीं आली म्हणजे आपण प्रथम तिची पुष्पिका पाहतों. लेखनकाल, लेखक, स्थळ व मूळ प्रत यांचा तपास करतों. आकाशचित्रास या तपासांतून सूट कां मिळावी, हें आम्हांस समजत नाहीं.

या विद्येस आतां शतकाहून अधिक काळ लोटला आहे. इ. स. १९०६ मध्यें इंग्लंडांत लेफ्टनंट शार्प यांनीं लष्करी फुग्यांतून स्टोनहेंजचीं चित्रें घेतलीं. पुढें क्रॉफर्ड व कीलर यांचा वेसेक्स प्रांतावरील आकाशचित्रांचा ग्रंथ १९२८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि जमिनीवर उभे राहून न दिसणारे बांध व बुजलेले खंदक पिकांच्या रंगभेदांतून कसे प्रगट होतात, हें विद्वानांच्या निदर्शनास आलें. आपल्याकडे ओरिसांतील शिशुपालगडाचें उत्खनन १९४८ सालीं झालें. त्याच्या वृत्तांताबरोबर दिलेल्या आकाशचित्रांत तटाचा चौकोन स्पष्ट दिसतो. मात्र तेथें चित्र व कुदळ हीं एकमेकांच्या साक्षीस उभीं होतीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

नागपूरचीं जीं चित्रें आमच्या पाहण्यांत आलीं, त्यांत पहिला दोष हा कीं, तीं पुष्पिकाहीन आहेत. चित्र कोणत्या तिथीस, कोणत्या वेळीं, किती उंचीवरून, कोणत्या दिशेस तोंड करून घेतलें, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. हा उल्लेख केवळ शोभेचा नव्हे. सूर्य क्षितिजाजवळ असतां हातभर उंचीचा बांधही लांब सावली टाकतो. तोच मध्यान्हीं नाहींसा होतो. तिरपें चित्र डोळ्यांस सुखावतें, पण त्यावरून अंतर मोजतां येत नाहीं. मोजमापास सरळ खालीं रोखलेलें चित्रच लागतें. उंचीचाही हिशेब पाहावा. सहा इंच नाभीय अंतराचें भिंग दहा हजार फुटांवरून वापरल्यास प्रमाण १ : २०,००० पडतें. जुनापाणीसारख्या ठिकाणचें दहा मीटर व्यासाचें शिलावर्तुळ त्या प्रमाणांत अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचें होईल. असल्या चित्रांत वर्तुळें दिसलीं नाहींत म्हणून तीं तेथें नाहींतच, असें कोणी लिहूं लागल्यास त्याचा दोष चित्राकडे जात नाहीं, वाचणाऱ्याकडे जातो.

दुसरा दोष अर्थ लावण्याचा. गोंड राजा बख्तबुलंद याच्या मागून चांदसुलतान यानें नागपुरास कोट घातला, व त्याची खूण म्हणून जुम्मा दरवाजा उरला आहे, हें सर्वश्रुत आहे. वरून पाहतां जुन्या शहरांतील गल्ल्यांचीं वळणें नजरेस भरतात, आणि त्यांत कोटाची हरवलेली रेषा शोधण्याचा मोह होतो. मोह स्वाभाविक आहे, परंतु प्रत्येक वळण म्हणजे कोट नव्हे. नाल्याचा जुना कांठ, एखादी पाणंद किंवा दोन वाड्यांमधील हद्द यांमुळेंही गल्ली वळते. जेथें वळण, कागदोपत्रीं उल्लेख व जमिनींतील पाया हे तिन्ही जुळतील, तेथेंच कोट म्हणावा. एरव्हीं तो तर्क आहे, व तर्क म्हणूनच छापावा.

तिसरा मुद्दा आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा, आणि त्यासाठीं शहर सोडून आग्नेयेस कुही तालुक्यांत जावें लागतें. वेसेक्सची जमीन खडूच्या दगडावरची, पातळ मातीची. तेथें बुजलेल्या खंदकावरचें पीक लगेच हिरवेंगार होतें. आपली काळी जमीन ओल धरून ठेवते, पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तेथील नियम येथें जसेच्या तसे लावतां येत नाहींत. परंतु आपल्या जमिनीपाशीं तिची स्वतःची एक लिपि आहे, व ती वाचण्यास परदेशी ग्रंथाची गरज नाहीं. जुन्या महजरांतून व वतनपत्रांतून ‘काळी व पांढरी’ हा जोडशब्द वाचकांनीं शेंकडों वेळां वाचला असेल. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, भिंतींची माती व शेणखळी यांनीं वस्तीच्या जागेचा रंग पालटतो, आणि गांव उठून गेला तरी तो रंग मागें राहतो. रब्बीचें पीक निघून नांगरट झाल्यावर, चैत्र-वैशाखांत, काळ्या रानांत ही फिकट पांढरी वरून जितकी उठून दिसेल तितकी दुसऱ्या ऋतूंत दिसणार नाहीं. भाद्रपदांतील हिरवेंगार चित्र भिंतीवर टांगण्यास उत्तम; संशोधकास तें मुकें आहे.

या दृष्टीनें कुही तालुका म्हणजे परीक्षेचें उत्तम क्षेत्र होय. अडम येथें मातीचा तट व खंदक यांनीं वेढलेली प्राचीन वसाहत आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीनें अमरेंद्र नाथ यांनीं १९८८ ते १९९२ या काळांत तेथें उत्खनन केलें. अश्मक जनपदाचा निर्देश करणारी मुद्रा तेथेंच मिळाली. तटाचा घेर आकाशचित्र दाखवूं शकेल. त्या जनपदाचें नांव मात्र कुदळीवांचून कोणासही कळलें नसतें. मांढळ येथील गोष्ट निराळी. तेथें १९७५ नंतर नागपूर विद्यापीठातर्फें अजय मित्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या उत्खननांत वाकाटककालीन शैव मूर्ति निघाल्या, आणि द्वितीय रुद्रसेन, द्वितीय प्रवरसेन व द्वितीय पृथिवीषेण यांचे ताम्रपटही मांढळचेच. ताम्रपटांतील ग्रामनामें आजच्या नकाशावर बसवितांना आपण बहुधा केवळ नामसादृश्यावर भिस्त ठेवतों. त्या गांवाच्या शिवारांत जुनी पांढरी आहे कीं नाहीं, हा दुसरा पुरावा आकाशचित्र देऊं शकेल. आणि या कामीं त्याची बरोबरी करणारें साधन थोडें.

अंभोऱ्याविषयीं लिहितांना मात्र अधिक सावधपणा हवा. वैनगंगेच्या तीरावरील हें क्षेत्र मुकुंदराजाच्या ‘विवेकसिंधु’चें जन्मस्थान होय, अशी एक परंपरा आहे, अंबाजोगाईचाही तसाच दावा आहे, आणि ग्रंथाच्या शके १११० या कालाविषयींही सर्वांचें एकमत नाहीं. २०२४ सालीं खुल्या झालेल्या नव्या पुलामुळें अंभोऱ्याचीं आकाशचित्रें घरोघर पोंचलीं, व त्यांखालीं ही परंपरा सिद्ध इतिहास म्हणून लिहिली जाते. संगमाचें चित्र कितीही सुंदर असो, पाठचिकित्सेचा वाद त्यानें सुटत नाहीं.

येथेंच एक अधिक गंभीर बाब सांगितली पाहिजे. गोसेखुर्द धरणाची कोनशिला १९८८ सालीं बसली. पुढें त्याच्या फुगवट्याखालीं कुही तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें, शिवारें व वाटा गेल्या. आज घेतलेलें चित्र तेथें पाणीच दाखवील. म्हणजे त्या भूमीपुरती मूळ प्रत नष्ट झाली असून, जुनीं चित्रें हींच काय तीं उरलेलीं प्रतिलिपि होत. अमेरिकेनें १९६० ते १९७२ या काळांत ‘कोरोना’ या गुप्त उपग्रहमालेकडून घेतलेलीं आठ लक्ष साठ हजारांहून अधिक चित्रें १९९५ सालीं खुलीं केलीं. तीं तेथील भूसर्वेक्षण खात्याकडून मागवितां येतात. त्यांतील चांगल्या चित्रांत सुमारें दोन मीटरपर्यंतचा तपशील ओळखूं येतो. भारतीय सर्वेक्षण खात्याचीं विमानचित्रें व बंदोबस्ताचे जुने गांवनकाशे त्यांच्या जोडीस ठेवले, तर बुडालेल्या शिवाराचा पाठ बराचसा सिद्ध करतां येईल. उलट, २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंतील ड्रोनची मोजणी नांदत्या गांवठाणांपुरती आहे. रिठी गांवें, म्हणजे आपल्या दृष्टीनें जीं सर्वांत बोलकीं, तीं तिच्या कक्षेबाहेर राहतात.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, पोथ्या व सनदा यांच्या बरोबरीनें जुन्या आकाशचित्रांचे ठसेही त्यांनीं जमवावे, आणि प्रत्येकाच्या पाठीमागें तिथि, उंची, दिशा व कोणाकडून मिळाला तें नोंदवावें. ज्यांचीं घरें पाण्याखालीं गेलीं असे वृद्ध लोक आज हयात आहेत. ठसा समोर ठेवला तर मारुतीचें देऊळ कोठें, घाट कोठें, पांढरी कोठवर, हें ते बोटानें दाखवूं शकतील. चित्र पुढेंही मिळेल. बोटानें दाखविणारा माणूस फार दिवस मिळणार नाहीं. हें काम पुढील पावसाळ्यापूर्वीं कुही, मांढळ व अंभोरा या पट्ट्यांत सुरू व्हावें, व त्याची टिपणें संशोधनसंस्थांच्या दप्तरीं दाखल करावीं, इतकेंच आमचें सांगणें आहे.