गर्भिणीचा रक्तक्षय आणि आकड्याची पाठचिकित्सा

दाभोळच्या खाडीकाठची एखादी स्त्री गरोदरपणी आरोग्यकेंद्रात जाते, तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातो आणि तिच्या कार्डावर १०.७ असा आकडा लिहिला जातो, अशी कल्पना करावी. एक डेसिलिटर रक्तात किती ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, हे तो आकडा सांगतो. आता ह्या स्त्रीला रक्तक्षय आहे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९५९ च्या अहवालात गर्भिणीसाठी १० ही मर्यादा धरली होती. त्या मापाने ती निरोगी ठरते. १९६८ च्या अहवालाने ती मर्यादा ११ वर नेली. त्या मापाने ती रोगी ठरते. २०२४ च्या मार्गदर्शिकेने पहिल्या व तिसऱ्या तिमाहीसाठी ११ हा आकडा ठेवला आणि मधल्या तिमाहीसाठी तो १०.५ केला, म्हणजे आता उत्तर तिच्या महिन्यावर अवलंबून राहिले. रक्ताचा थेंब तोच आहे, निदान मात्र तीन वेळा पालटले. ह्यात कोणाची लबाडी नाही. गर्भारपणी रक्तातील द्रवांश तांबड्या पेशींपेक्षा अधिक प्रमाणात वाढतो, त्यामुळे मधल्या महिन्यांत हिमोग्लोबिनाचा आकडा स्वभावतःच खाली येतो, आणि ही घट रोगात किती धरावी व प्रकृतीत किती, हा निर्णयाचा प्रश्न आहे. परंतु निर्णय झाला, की तो लिहून ठेवला पाहिजे. तो लिहिला नसेल तर ‘इतके टक्के गर्भिणींना रक्तक्षय’ हे विधान तपासताच येत नाही.

अशा विधानांना तपासणीस योग्य करणे हा ज्या चळवळीचा हेतू आहे, तिचा उगम वैद्यकात झालेला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूभौतिकीचे प्राध्यापक जॉन क्लेअरबाऊट ह्यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत आपल्या विद्यार्थ्यांपुढे असा दंडक ठेवला, की निबंधातील प्रत्येक आकृती मूळ आधारसामग्रीपासून पुन्हा काढून दाखविता आली पाहिजे. आज ‘आर’सारख्या संगणकभाषेत लिहिलेली आज्ञावली आधारसामग्रीसोबत प्रसिद्ध करावी आणि कोणाही अभ्यासकाने ती चालविली असता तेच कोष्टक बाहेर पडावे, असा ह्या पद्धतीचा सर्वमान्य अर्थ झाला आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१९ च्या अहवालाने ह्याहून एक निराळी कसोटीही सांगितली: नवी माणसे आणि नवे रक्त घेऊन तोच निष्कर्ष निघतो काय? ह्या दोन कसोट्यांचा घोळ होऊ नये. मराठीत तो होण्याचा संभव अधिक आहे, कारण पहिल्या कसोटीसाठी रूढ होऊ पाहणारा ‘पुनरुत्पादनक्षम’ हा शब्द गर्भिणींच्या अभ्यासात वापरला, तर तो विश्लेषणाचे विशेषण आहे की स्त्रियांचे, हेच वाचकाला कळावयाचे नाही. ‘पुनःसाध्य’ हा शब्द त्यापेक्षा बरा. निदान तो प्रसूतिगृहात जाऊन बसत नाही.

ह्या विषयाचा सर्वांत बोधप्रद इतिहास मुंबईतच घडला. गर्भिणींतील एका घातक रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी लुसी विल्स १९२८ मध्ये मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. त्या काळी मुंबईच्या गिरणवस्तीत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा भरणा मोठा होता, आणि दाभोळ हे मुंबई–कोकण आगबोटींच्या वाटेवरील एक बंदर होते. विल्स ह्यांनी आधी जंतूंकडे पाहिले, मग आहाराकडे. निरनिराळ्या समाजांच्या व थरांच्या स्त्रियांचे आहार तपासता, ज्यांचे अन्न सर्वांत निकृष्ट त्या गरीब मुसलमान स्त्रियांत हा रोग विशेष दिसतो, असे त्यांना आढळले. उंदरांना तसलेच अन्न देऊन त्यांनी प्रयोग केले. उंदीर निस्तेज झाले आणि यीस्ट दिल्याने रोग टळला. निष्कर्ष मनाजोगता होता. पण पुढे लक्षात आले, की उंदरांना उवांचा उपद्रव होता आणि त्यांतून आलेल्या संसर्गाने प्रयोग दूषित झाला असावा. मग तेच काम माकडांवर पुन्हा करण्यात आले. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध आला आणि ‘मार्माईट’ ह्या स्वस्त यीस्ट-अर्काने स्त्रिया बऱ्या होतात हे वैद्यकजगताला कळले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल, हे कळावयास आणखी दशकाहून अधिक काळ जावा लागला.

ह्या कथेचे कौतुक बहुधा शोधाच्या अंगाने होते. तिचे दुसरे अंग भाषेचे आहे. विल्स ह्यांनी अभ्यासलेल्या रोगाला त्यावेळी ‘गर्भिणीचा मारक रक्तक्षय’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव होते, आणि त्यातील ‘मारक’ हे विशेषण ॲडिसन ह्यांनी वर्णिलेल्या एका वेगळ्या रोगाकडून उसने घेतलेले होते. दोन्ही रोगांत तांबड्या पेशी मोठ्या होतात, म्हणून नावही एक झाले. १९३७ मध्ये विल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की ॲडिसनच्या रोगावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क ह्या स्त्रियांवर चालत नाही, अशुद्ध अर्क चालतो. म्हणजे द्रव्ये दोन, रोग दोन, आणि नाव मात्र एक. ब-१२ हे दुसरे द्रव्य १९४८ मध्ये हाती आले. एखाद्या कोष्टकात ह्या दोन्ही रोगांच्या स्त्रिया एकाच शीर्षकाखाली लिहिल्या गेल्या असत्या, तर त्या कोष्टकावरचे गणित शंभर वेळा करूनही तेच आले असते आणि शंभर वेळा चुकले असते.

आजच्या अभ्यासांवरचा मुख्य आक्षेप नेमका येथे लागू पडतो. बहुतेक सर्वेक्षणे हिमोग्लोबिनाचा एकच आकडा घेतात आणि त्याखाली लोह, फोलेट, ब-१२, हिवताप, कृमी ही सारी कारणे गडप होतात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात गर्भिणींत ब-१२ ची न्यूनता मोठ्या प्रमाणावर आढळली, फोलेटची मात्र क्वचितच. तरीही ‘रक्तक्षय’ हा शब्द उच्चारला, की त्यामागे ‘लोहाची न्यूनता’ हा अर्थ न सांगता येतो. लोकभाषा ह्या बाबतीत अधिक सावध दिसते. ‘अंगात रक्त कमी आहे’ म्हणणारी स्त्री कारण सांगत नाही, केवळ अवस्था सांगते. ‘रक्तपांढरी’ हा शब्दही डोळ्याला दिसते तेवढेच बोलतो.

जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांना हा सारा प्रकार अपरिचित वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पुरे केले. त्या आवृत्तीचे मोल संपादकांनी स्वीकारलेल्या पाठापुरते नाही. जो पाठ त्यांनी टाकला, तोही पृष्ठाच्या तळाशी, कोणत्या पोथीत आहे ह्याच्या खुणेसह छापलेला आहे. आणि तो का टाकला ह्याची तत्त्वे सुकथनकरांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत मांडली आहेत. ज्याला संपादकांचा निर्णय पटत नाही, त्याला त्याच सामग्रीवरून आपला निर्णय करता येतो. संगणकाची आज्ञावली प्रसिद्ध करणे म्हणजे हेच काम होय, असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. आज्ञावली स्वीकारलेला पाठ कसा सिद्ध झाला हे दाखविते. टाकलेला पाठ तिच्यात असेलच असे नाही. कोष्टकातील मोकळे घर पाहावे: त्या स्त्रीने तपासणीस नकार दिला, तपासणीचे साहित्य संपले होते, की नोंदविणारीने आकडा लिहिला आणि पुढे तो अशक्य म्हणून कोणी पुसला? तिन्ही घरे सारखीच कोरी दिसतात.

आणखी एक पायरी मागे गेले पाहिजे. कोष्टकाच्या आधी तोंडी भाषा असते, आणि तिथे पोथी नसते. गर्भारपणाचा काळ सांगताना मराठी स्त्री ‘सातवा लागला’ म्हणते किंवा ‘सात झाले’ म्हणते. पहिल्याचा अर्थ सहा महिने पूर्ण झाले, म्हणजे सुमारे २६ आठवडे. दुसऱ्याचा अर्थ सुमारे ३० आठवडे. नोंदवहीत दोन्हीकडे ‘७’ हा एकच अंक येतो. तिसरी तिमाही २८ आठवड्यांपासून धरली, तर दाभोळच्या त्या कल्पित स्त्रीचा १०.७ हा आकडा २०२४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे पहिल्या अर्थी प्रकृतीत मोडतो आणि दुसऱ्या अर्थी रोगात. त्यात ती महिने पंचांगाचे मोजते की दिनदर्शिकेचे, पाळी चुकल्याची खूण ‘गणपतीच्या आधी’ अशी सांगते की तारखेने, हे प्रश्न उरतातच. क्रमवाचक आणि संख्यावाचक ह्यांतील हा भेद शालेय व्याकरणातला आहे. तो नोंदीत हरवला, की पुढची कितीही निर्दोष आज्ञावली त्याला परत आणू शकत नाही. ती तीच चूक पुन्हा पुन्हा, अचूक करून दाखविते.

‘घेणे’ ह्या क्रियापदाचेही असेच आहे. शासनाच्या कार्यक्रमाप्रमाणे गर्भिणीला ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली गोळी निदान १८० दिवस रोज द्यावयाची असते. ‘गोळ्या घेतल्या का?’ ह्या प्रश्नाला ‘घेतल्या’ असे उत्तर आले, तर तिने त्या केंद्रातून हाती घेतल्या की पोटात घेतल्या, हे मराठी क्रियापद सांगत नाही. मळमळते, शौचास काळे होते, म्हणून फडताळात ठेवून दिलेल्या गोळ्याही ‘घेतलेल्या’च असतात. ‘खाल्ल्या का’ असे विचारले तर उत्तर निराळे येण्याचा संभव आहे. मग गोळ्यांचा रक्तावर परिणाम होत नाही, असा निष्कर्ष त्या अभ्यासातून निघाला, तर तो औषधाविषयी आहे की क्रियापदाविषयी?

प्रसिद्धीच्या टोकालाही पाठभ्रंश होतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५–१६) महाराष्ट्रातील ४९.३ टक्के गर्भिणींत रक्तक्षय आढळला, पाचव्या फेरीत (२०१९–२१) ४५.७ टक्के. त्याच काळात १५ ते ४९ वयाच्या सर्व स्त्रियांतील प्रमाण मात्र ४८.० वरून ५४.२ वर गेले. एकाच पत्रकावरून ‘रक्तक्षय घटला’ आणि ‘रक्तक्षय वाढला’ ही दोन्ही शीर्षके निघू शकतात. जिल्ह्याच्या पत्रकात गर्भिणींची संख्या थोडी असते. ती २५ ते ४९ असेल तर टक्केवारी कंसात छापतात, २५ हून कमी असेल तर तेथे केवळ फुली असते. कंस हे येथे विरामचिन्ह नाही, ते विधानाचा भाग आहे. बातमीत आकडा येतो, कंस गळतो. शिवाय ही सर्वेक्षणे बोटातील रक्त वापरीत, आणि शिरेतील रक्ताशी त्याची तुलना कितपत करावी हा वाद अद्याप मिटलेला नाही. सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणी वगळण्यात आली, त्यामागे हा वाद होता. समुद्रसपाटीवरच्या दाभोळात ११.१ हा आकडा जसाच्या तसा राहतो. महाबळेश्वरात मोजलेला ११.१ उंचीची वजावट होऊन ११ च्या खाली उतरतो. मूळ आणि वजा केलेला, असे दोन्ही आकडे कोष्टकात राहिले तरच हे दिसते.

सर्व आधारसामग्री उघडी करावी हा आग्रह मात्र गावाच्या पातळीवर सांभाळूनच धरला पाहिजे. गावाचे नाव, वय, कितवे बाळंतपण आणि महिना, एवढी चार घरे भरली की दाभोळसारख्या ठिकाणी ती स्त्री कोण, हे शेजारीण सांगू शकेल. आज्ञावली उघडी, सामग्री राखीव आणि मागणाऱ्या अभ्यासकास अटींवर खुली, ही व्यवस्था अपुरी वाटली तरी तीच योग्य होय.

राहिला प्रश्न नोंदवहीचा. महिन्याच्या अंकाशेजारी त्या स्त्रीचे शब्द, ‘सातवा लागला’ किंवा ‘सात झाले’, जसेच्या तसे लिहिण्यासाठी एक घर वाढवावे, ही सूचना करणे सोपे आहे. तपासणीच्या दिवशी रांग लागलेली असताना परिचारिकेला ते घर भरावयास सवड कोठून मिळणार, हा आक्षेप खराच आहे. तेव्हा सर्वांची न घेता दर दहाव्या स्त्रीची नोंद अशी शब्दशः घ्यावी, आणि उरलेल्या नऊ जणींच्या ‘७’ चा अर्थ किती डळमळीत आहे ह्याचा अंदाज त्यावरून बांधून तो आज्ञावलीतच लिहावा.