धरण लहान, म्हणून धोकाही लहान?

धरणाची प्रकृती कशी आहे हा एक प्रश्न, आणि ते फुटले तर खाली कोण सापडेल हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने विचारले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण ते विचारण्याआधी कायदा धरणांना एका चाळणीतून गाळून घेतो. आमचा आक्षेप या चाळणीला आहे.

१५ मीटरहून उंच धरणे कायद्याच्या कक्षेत येतात. उंची १० ते १५ मीटर असेल तर आणखी अटी आहेत. लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर किंवा महत्तम पूरविसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर, यांपैकी एक तरी हवे. नाहीतर पाया विशेष अवघड किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी हवी. १० मीटरच्या आतली धरणे सरसकट बाहेर राहतात. चाळणीतून जी आत येतील त्यांचेच पुढे धोक्यानुसार वर्गीकरण होते. म्हणजे आकार आधी आणि माणसे नंतर!

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातले केली बार्न्स हे मातीचे धरण ही चाळणी पार करू शकले असते का, ते पाहू. उंची सुमारे १२ मीटर, लांबी सुमारे १२० मीटर, फुटताना साठा सुमारे ७.८ लाख घनमीटर. आपल्या मापांत हे धरण उंची, लांबी व साठा या तिन्ही कसोट्यांवर नापास! पण खाली एका महाविद्यालयाची वसाहत होती. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे धरण फुटले आणि ३९ माणसे दगावली.

आता बीड जिल्ह्यातल्या सिरसाळा (ता. परळी) परिसराकडे वळू. हा काळ्या मातीचा, अवर्षणप्रवण मुलूख. मातीच्या धरणाच्या पोटात सहसा चिकण काळ्या मातीचा गाभा असतो आणि दोन्ही बाजूंना मुरुमाचा भराव. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. तलाव लागोपाठ काही वर्षे कोरडा राहिला तर गाभ्याचा वरचा भाग वाळू शकतो. मग एखाद्या पावसात तलाव झपाट्याने भरतो, पाणी भेगेत शिरते, मातीचे कण वाहून नेते आणि वाट रुंदावत जाते. त्यात भरावावर वाढलेली झाडे, घुशींची बिळे आणि झुडपांनी अडलेला सांडवा यांची भर. मराठवाड्याने २०१५-१६ चा दुष्काळही पाहिला आणि सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टीही. धरणाचे वय आणि त्याने सोसलेली ही उघडझाप चाळणीच्या मापांत कुठेच नाही.

लहान तलाव असंख्य, तपासणारे अभियंते थोडे. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, असे यावर म्हटले जाते. ही अडचण खरी आहे. पण रेघ ओढायचीच तर ती भिंतीच्या उंचीवर का, खालच्या पहिल्या घरापाशी का नाही? रानात ओसरणारा तलाव सोडून द्यावा. वस्तीच्या माथ्यावरचा तलाव नऊच मीटर उंच असला तरी तपासावा. यात काम वाढत नाही, त्याचा क्रम बदलतो.

शब्दांचाही घोळ आहे. 'लघु पाटबंधारे' यातला 'लघु' लाभक्षेत्र २,००० हेक्टरपर्यंत असल्याचे सांगतो. धोक्याबद्दल काहीच सांगत नाही. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण लघु पाटबंधारेच होते. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. गावच्या तलावाचा साठा माहीत करून घ्यावा आणि मुलांना वजन काढू द्यावे. मग गावच्या नकाशावर सांडव्यापासून ओढ्याच्या कडेने खाली यावे आणि पहिले घर, शाळा, पूल यांवर खुणा कराव्यात. असा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवला, तर कायद्याने न विचारलेला प्रश्न निदान गावात तरी विचारला जाईल.