मायामीची मजुरी

प्रा. जॉर्ज बोरहास यांच्या ‘वुई वाँटेड वर्कर्स’ (२०१६) या ग्रंथांतील मायामीचें विवेचन वाचकांनीं सावधपणें वाचावें. १९८० सालीं मारिएल बंदरांतून सुमारें सव्वा लाख क्यूबन अमेरिकेंत आले. मायामींतील कामकऱ्यांची संख्या एकदम शेंकडा सातांनीं वाढली. तरी स्थानिक मजुरी घसरली नाहीं, असें डेव्हिड कार्ड यांनीं १९९० सालीं दाखविलें होतें. सरासरी नको, शाळा अर्धवट सोडलेला मजूर पाहा, त्याची कमाई बरीच घसरली, असें बोरहास यांचें म्हणणें. प्रश्न बिनतोड आहे. आणि तो क्यूबांतच जन्मलेल्या विद्वानानें विचारावा हें विशेष! परंतु उत्तर शोधतांना त्यांनीं स्त्रिया वगळल्या, हिस्पॅनिक वगळले. अर्धशिक्षित मजुरांत स्त्रिया नसतात काय? उरलेल्या मूठभर पुरुषांवर एवढा सिद्धांत उभारणें आम्हांस धाडसाचें वाटतें.